तिसावं नाव

आमच्या कॉलेजात खनिज तेल विभागाच्या दाराशी प्रवेशाच्या दिवसांत पोलीस उभा करावा लागायचा. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. इकडे दक्षिण नायजेरियात वॉरी शहरातून, उघेल्लीतून, खाडीपलीकडच्या गावांतून बापलोक मुलांना घेऊन उजाडायच्या आत येऊन बसायचे. एकशे वीस जागा आणि बाराशे अर्ज. एदिरिन आली त्या वर्षी एकेचाळीस अर्ज आले. पोलीस सोडाच, दाराशी शेंगदाणे विकणारी बाईसुद्धा त्या वर्षी बसली नाही. ती वाणिज्य विभागाकडे सरकली होती. कुठे गर्दी होणार हे त्या बाईला माझ्याआधी कळलं होतं.

एदिरिन बापाबरोबर आली. बाप म्हणजे मामुझो, तेल कंपनीच्या धक्क्यावर वेल्डर. अंगात कंपनीची निळी डांगरी, कडक इस्त्रीची.

"आज सुट्टी नाही का तुम्हाला?" मी विचारलं.

"सुट्टी आहे म्हणून तर ही घातलीय, सर. कामाची वेगळी आहे, तिला ठिणग्यांची भोकं पडलीत. ही लग्नाकार्याला आणि तुमच्यासारख्यांकडे यायला."

पोरीनं गुडघा टेकून "मिग्वो" म्हणून नमस्कार केला. मी "व्रेन्दो, ऊठ बाई" म्हणालो. उंच, सडपातळ, एकोणीस वर्षांची. हातात कागदांची पिशवी छातीशी धरलेली.

"ही माझी थोरली," मामुझो म्हणाला. "आजपासून तुमच्या ताब्यात. मी आयुष्यभर पाइप बाहेरून जोडले. आत तेल कसं वाहतं ते हिनं शिकावं. आमचे सगळे साहेब तुमच्याच हातचे आहेत, सर."

"हिला स्वतःला काय वाटतं?"

"हिला काय वाटायचंय? हिला भूक लागलीय. सकाळपासून काही खाल्लं नाही."

पोरगी हसली. मीही हसलो. आमच्या भाषेत एदिरिन म्हणजे धीर. "आमच्या विभागाला त्याची गरज आहे," असं काहीतरी मी म्हणालो आणि सही केली. मी तेव्हा विभागप्रमुख होतो.

पहिल्या वर्षी ती पहिली आली. नुसती पाठांतराची हुशारी नव्हती ती. एकदा मी फळ्यावर दाबाचं गणित सोडवत होतो, तर मागून आवाज आला, "सर, असा दाब आला तर ती विहीर आपल्यासकट आकाशात जाईल." वर्ग हसला. मी पाहिलं तर एक शून्य जास्त पडलं होतं. तोबोरे नावाचा तिचा एक वर्गमित्र होता, थट्टेखोर, त्यानं लगेच जोडलं, "जाऊ द्या ना सर, तेवढीच तिकिटाशिवाय परदेशवारी."

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला ती माझ्या खोलीत आली ती एक अर्ज घेऊन. विभाग बदलण्याचा अर्ज. तिला संगणक विभागात जायचं होतं, त्यांनी घ्यायची तयारी दाखवली होती, फक्त माझी सही हवी होती.

"का?" मी विचारलं.

तिनं पिशवीतून वही काढली. आमच्या विभागातून बाहेर पडलेल्या मागच्या तीन तुकड्यांतल्या सव्वीस जणांना तिनं फोन केले होते. नाव, वर्ष, सध्या काय करतो, असं सगळं ओळीनं लिहिलेलं. रिक्षा चालवतो. मेव्हण्याच्या औषधाच्या दुकानात. चर्चमध्ये ड्रम वाजवतो. शाळेत शिकवते. घरी. घरी. घरी.

"दोघांना तेलात नोकरी आहे, सर. एक तिकडे अंगोलात, लुआंडाला गेला. दुसऱ्याचा काका मोठ्या खात्यात आहे. माझा काका कोंबड्या पाळतो."

वीस वर्षं मी त्या विभागात शिकवत होतो. ही यादी करायचं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीनं ती फोनवर बसून केली होती. मी वही हातात घेतली, दोन पानं चाळली आणि परत दिली.

आता खरं सांगायचं तर त्याच महिन्यात मान्यता समिती येणार होती. दुसऱ्या वर्षात तीसपेक्षा कमी विद्यार्थी असतील तर विभागाची मान्यता जाणार, असं पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. एकेचाळिसांतले अकरा जण आधीच गळाले होते. हजेरीपटावर तीस नावं उरली होती. तिचं नाव काढलं की एकोणतीस.

हे मी तिला सांगितलं नाही. मी तिला सांगितलं की तेल ही काही टोपी नाही, आज घातली उद्या काढली. कंपन्या येतात जातात, जमिनीखालचं तेल कुठे जातंय? तुझ्या नातवंडांनाही पुरेल. पाच वर्षांनी भाव चढला की सगळे धावत येतील, तेव्हा संगणकवाल्यांची रांग नायजेरियाच्या टोकापर्यंत गेलेली असेल आणि तू एकटी तयार असशील. बोलता बोलता मला स्वतःलाच ते पटायला लागलं.

"सर, पापा म्हणतात की धक्क्यावर तीन वर्षांत एकही नवा माणूस घेतला नाही."

"तुझे पापा वेल्डर आहेत. मी डॉक्टरेट केली आहे."

तिनं वही पिशवीत ठेवली. मग हळूच म्हणाली, "मग मी डीनसाहेबांकडे जाऊ का?"

त्यावर मी तिच्या बापाला फोन केला.

मामुझो कामावरून थेट आला, भोकं पडलेल्या डांगरीत. व्हरांड्यात सगळ्या विभागादेखत त्यानं तिला फैलावर घेतलं. "संगणक! संगणक काय शिकायचा असतो? चार वर्षांची पोरं टकटक करतात त्याच्यावर! मी डोळे जाळले त्या ज्वाळेपुढे, ते तू दुकानात बसून लोकांचे फॉर्म छापावेस म्हणून? सरांपेक्षा तुला जास्त कळतं? सांग ना, कळतं?"

"नाही, पापा."

"मग माफी माग."

तिनं गुडघा टेकून माझी माफी मागितली. अर्जाची चार घड्यांची पुडी करून पिशवीत टाकली. मी तिला उठवलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "एक दिवस तू माझे आभार मानशील."

समिती आली. तीस डोकी मोजली, मिरीचं झणझणीत कालवण चापलं, सही करून गेली. विभाग वाचला. माझी प्रमुखपदाची खुर्चीही.

नंतर संप सुरू झाला. आम्हा शिक्षकांचाच संप, त्यामुळे त्याबद्दल मी कोणाकडे बोट दाखवावं? पहिला संप पाच महिने. मग साथ आली, कॉलेजं बंद. मग दुसरा संप आठ महिने. पाच वर्षांचा अभ्यासक्रम साडेसात वर्षांवर गेला. त्या काळात मी सकाळी उठून अंगणातलं गवत कापत असे आणि एदिरिन आईबरोबर मासळी धुरावत असे. तिची आई बाजारात धुरावलेली मासळी विकायची. मी त्यांच्याकडूनच घ्यायचो, घर वाटेवरच होतं. भट्टीमागून डोळे पुसत एदिरिन यायची. "सर, वर्ग कधी सुरू होणार?" मी म्हणायचो, "लवकरच." तिची आई म्हणायची, "हे सर आणि येशू, दोघेही लवकरच येणार आहेत."

ह्याच दिवसांत मामुझोच्या परदेशी कंपनीनं जमिनीवरच्या विहिरी विकून टाकल्या आणि खोल समुद्रात गेली. कार्यालय लागोसला हललं. रस्त्याकडेच्या त्या लांबच लांब कुंपणाच्या आत टेनिसचं मैदान होतं, दवाखाना होता, साहेबांच्या मुलांची शाळा होती. एका आठवड्यात ट्रक भरून सगळं गेलं. उरलेल्याचा लिलाव झाला. आमच्या भागातल्या निम्म्या न्हाव्यांच्या दुकानांत त्या कंपनीच्या फिरत्या खुर्च्या आल्या. विहिरी घेणारा नवा मालक आपलाच देशी माणूस होता, म्हणून लोकांनी ढोल वाजवले. त्यानं धक्क्यावरच्या तीनशेंतले चाळीस ठेवले. मामुझो त्या चाळिसांत नव्हता.

ह्यावर मामुझो काय म्हणाला ते मला आठवतं. "सर, मी गेलो म्हणजे एक जागा रिकामी झाली. आता पोरीचा नंबर." हे तो थट्टेनं म्हणाला की खरंच, ते मला कळलं नाही.

चौथ्या वर्षी सहा महिने प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा लागतो, नोंदवहीवर शिक्का लागतो. कुठलीच तेल कंपनी कोणाला घेईना. एदिरिननं ते सहा महिने प्लॅस्टिकच्या पिशवीत पिण्याचं पाणी भरणाऱ्या कारखान्यात काढले. तोबोरेनं विटा पाडणाऱ्याकडे. तिची नोंदवही तपासताना मी पाहिलं, प्रत्येक पानावर पंपाची आकृती सुबक काढलेली, दाब किती, गळती कुठे, उपाय काय.

"हे पाणी आहे, एदिरिन."

"पाइपला कुठे माहीत असतं, सर, आत काय आहे ते?"

मी सही केली. खालच्या रकान्यात 'तेल-वायू क्षेत्रातील अनुभव समाधानकारक' असं छापलेलंच होतं.

ती पहिल्या वर्गात पास झाली. देशसेवेच्या सक्तीच्या वर्षासाठी तिला उत्तरेला जिगावा राज्यात पाठवलं. तिथे तिनं एका शाळेत गणित शिकवलं, उष्म्यानं दोनदा आजारी पडली आणि परत आली. परत आली तेव्हा ती साडेसत्तावीस वर्षांची होती.

लागोसच्या एका कंपनीची जाहिरात आली होती. समुद्रातल्या तेलावर पदवीधर उमेदवार हवेत. पहिला वर्ग, चालेल. खनिज तेलाची पदवी, चालेल. देशसेवा पूर्ण, चालेल. शेवटची ओळ : वय सव्वीस वर्षांच्या आत.

त्या दिवशी मी मासळी घ्यायला गेलो होतो. जाहिरातीचा कागद भट्टीजवळच्या बाकावर होता, त्यावर दगड ठेवलेला. मामुझो येरझारा घालत होता.

"सर, बरं झालं आलात. सांगा हिला. कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र करायचं, जन्मतारीख तीन वर्षांनी पुढे. वॉरीत कोणाचं वय खरं आहे? आपल्या फुटबॉल संघातला प्रत्येक जण सतरा वर्षांचा आहे, आणि त्यातल्या दोघांना नातवंडं आहेत!"

"हिला कधी जन्म दिला ते मला विचारा की," भट्टीशी बसलेली तिची आई म्हणाली. "ते कोर्टाला काय माहीत? कोर्ट होतं का तिथे कळा द्यायला?"

"तू गप गं. सर, बोला ना."

एदिरिन माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "सगळेच करतात." असं म्हणालो आणि मासळी घेऊन निघालो.

तिनं प्रतिज्ञापत्र केलं. लेखी परीक्षेत चार हजारांत अठ्ठाविसावी आली. मुलाखतीला लागोसला बोलावणं आलं तेव्हा तिच्या आईनं शेजारणींना बोलावून कसावाकंदाच्या सत्त्वाचा उसी गोळा आणि पामफळांचं बांगा कालवण खाऊ घातलं. मुलाखतीत तिघे जण होते. त्यांतल्या एका बाईनं कागद उलटसुलट केले, प्राथमिक शाळेचा दाखला वर ठेवला आणि विचारलं, "तू सहावी पास झालीस तेव्हा आठ वर्षांची होतीस? फारच हुशार दिसतेस." बाकीचे दोघे हसले. बाई वाईट नव्हती, एदिरिननं मला नंतर सांगितलं. तिनं कागद नीट लावून परत दिले आणि म्हणाली, "तुझे पेपर मी पाहिलेत. दोन वर्षांपूर्वी का नाही आलीस?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार, सर? दोन वर्षांपूर्वी तुम्ही संपावर होता."

त्यानंतर वर्षभर ती मला दिसली नाही. मासळी घ्यायला गेलो तर आई सांगायची, पोरगी काम करते, खाडीकडे, कसली तरी पाण्याची योजना. हे सांगताना ती माझ्याकडे न बघता मासळी निवडत राहायची.

कोरड्या ऋतूत, उत्तरेची धूळ आकाशात भरलेली असताना, एका दुपारी ती माझ्या खोलीत आली. खिडकीतून मला तोबोरे दिसला, खाली मोटारसायकलवर बसलेला. तो वर आला नाही. एदिरिननं गुडघा टेकला. नखं काळी, केसांना फडकं गुंडाळलेलं, आणि खोलीत तिच्याबरोबर एक वास आला. आमच्याकडच्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. खाडीत तिवरांच्या आड चोरीचं कच्चं तेल पिंपात उकळून रॉकेल आणि डिझेल काढतात, त्याचा तो वास. सकाळी कपडे वाळत घातले की संध्याकाळी त्यावर काजळी येते ती तिथूनच.

"सर, एक प्रश्न होता."

"विचार."

"भट्टी तापायला लागली की आधी जे हलकं निघतं, पेट्रोलसारखं, ते ही माणसं नुसतं सोडून देतात. खड्ड्यात. ते जमिनीलगत पसरतं, आणि मग कोणीतरी सिगारेट पेटवतं. ते थंड करून वेगळं धरायचं असेल तर काय करावं लागेल?"

ही माणसं, ती म्हणाली. कुठली माणसं हे मी विचारलं नाही. खोलीचं दार मी उठून लावलं. मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. मी म्हणू शकलो असतो, एदिरिन, आजच्या आज तिथून नीघ. किंवा नुसतं म्हणू शकलो असतो, मला ह्यात ओढू नकोस.

मी जुन्या उत्तरपत्रिकेची मागची बाजू घेतली आणि आकृती काढायला लागलो.

पाऊण तास मी शिकवलं. ती मध्येच अडवत होती. पिंप ह्या जाडीचं मिळत नाही, सर. पाणी खारं आहे, पाइप सहा महिन्यांत गंजतो. एका ठिकाणी तिनं पेन माझ्या हातातून घेतलं आणि माझी रेघ खोडून दुसरीकडे काढली. तिचं बरोबर होतं. माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी सांगतोय ते खरंच हवं आहे, उद्या त्याच्या कामाला येणार आहे, असा तास मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. त्या संध्याकाळी जेवताना मी बायकोशी बोलत होतो, हसत होतो. तिनं विचारलंसुद्धा, "आज काय, पगार झाला की काय?" ती संध्याकाळ मला इतकी आनंदाची गेली, हे मी स्वतःला माफ करू शकत नाही. बाकीच्या गोष्टींना मी काही ना काही कारण शोधतो.

जाताना दाराशी तिनं विचारलं होतं, "सर, हे चुकीचं आहे ना?"

मी म्हणालो, "आकृती बरोबर आहे."

पाऊस सुरू व्हायच्या थोडं आधी त्या भट्टीला आग लागली. नऊ माणसं गेली. तोबोरे त्यांत होता. त्याच्या घरच्यांना पुरायला जे मिळालं ते त्यांनी पुरलं. एदिरिन त्या वेळी होडीतून पिंपं उतरवून घेत होती, भट्टीपासून लांब, म्हणून वाचली. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली.

मी इस्पितळात गेलो नाही. तिथे पोलीस असतील, नावं लिहून घेत असतील, अशी मला भीती वाटली. तीन आठवड्यांनी ती घरी आल्याचं कळल्यावर गेलो. सोबत संत्री नेली.

मामुझो अंगणात बसला होता. तो एकदम म्हातारा दिसायला लागला होता. त्यानं मला खुर्ची दिली, स्वतः बाकावर बसला.  आतल्या खोलीचं दार उघडं होतं. पडद्याखालून एदिरिनचे पाय दिसत होते, खाटेवरून खाली सोडलेले.

"सर," मामुझो म्हणाला, "मला वाटत होतं पाण्याची योजना आहे. तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," मी म्हणालो.

पडद्याखालचे पाय हलले नाहीत. 

"मला वाटलंच," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही तिला थांबवलं असतं." आणि त्यानं माझा हात हातात घेतला. "आम्ही अडाणी माणसं, सर. तिला तुमच्याकडे दिलं होतं. आम्हीच सांभाळू शकलो नाही."

मी आत गेलो. हाताला मलमपट्ट्या होत्या. मानेवरची कातडी गुलाबी, ओली दिसत होती. तिनं उठून गुडघा टेकायचा प्रयत्न केला, मी बस म्हणालो. बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती म्हणाली, "आकृतीत काही चूक नव्हती, सर. तोबोरेनं एक पिंप जुनं आणलं. सांध्याचं वेल्डिंग कच्चं होतं. मी पापांना कधी बघायला सांगू शकले असते तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं."

 मी संत्र्यांची पिशवी खिडकीत ठेवली.

त्याच वर्षी आमच्या विभागात प्रवेशाला सात अर्ज आले. वरून पत्र आलं, विभाग बंद, ह्यापुढे 'ऊर्जा अभ्यास' नावाचा नवा विभाग, त्यात सूर्याची वीज वगैरे. माझी नोकरी दोन वर्षं उरली होती. मला ग्रंथालयाची देखरेख दिली. तिथे मी पुस्तकांना वाळवी लागते का ते पाहत असे.

एदिरिननं मला एकदाच पत्र लिहिलं, डाव्या हातानं, मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरात. इसोकोकडच्या एका खेड्यातल्या शाळेत रसायनशास्त्राची जागा आहे, शिफारस हवी आहे. मी तीन पानांची शिफारस लिहिली. इतकी लांब शिफारस कोणी वाचत नाही, हे मला माहीत होतं. तिला जागा मिळाली. शाळा सरकारी नाही, पगार दोन-दोन महिने होत नाही, पण जागा मिळाली.

निवृत्त झाल्यावर मी तिला भेटायला गेलो. रस्ता खराब, तीन गाड्या बदलल्या. शाळा म्हणजे दोन लांबट खोल्या, पत्र्याचं छप्पर. प्रयोगशाळा नाही. ती वर्गात उभी होती, उंच गळ्याचा ब्लाऊज, उजवा हात कमरेशी दुमडलेला. बोटं नीट मिटत नसल्यामुळे तिला खडू धरता येत नव्हता, म्हणून एक मुलगी फळ्यावर लिहीत होती आणि एदिरिन सांगत होती. पाणी उकळलं की वाफ होते, वाफ थंड झाली की पुन्हा पाणी. आवाज चढा, स्पष्ट. मुलं शांत ऐकत होती. मी खिडकीबाहेर उभा राहून ऐकलं. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवत होती.

तास संपल्यावर तिनं मला आंब्याखाली बसवलं, कोणाकडून तरी थंड पेय मागवलं. आईची चौकशी मी केली, बायकोची तिनं केली. मामुझो आता फाटकं, खिडक्यांचे गज जोडतो म्हणाली, नजर कमी झालीय.

मग मी म्हणालो, "एदिरिन, त्या वर्षी, दुसऱ्या वर्षी, तुझ्या अर्जावर मी सही केली नाही, कारण हजेरीपटावर तीस नावं हवी होती."

"मला माहीत होतं, सर."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तुमचा कारकून सगळ्यांना सांगत फिरत होता." ती म्हणाली, "मला वाटलं, सरांना माझी गरज आहे. इतकंच कारण असेल तरी सांगतील कधीतरी. खरं सांगितलं असतं तर मी राहिलेही असते, सर. मी तेव्हा तशीच होते."

 शाळेची घंटा झाली. मुलं पुन्हा आत पळाली आणि खोलीतून तिच्या नावानं हाका यायला लागल्या.

ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. रिक्षा येईपर्यंत उभी राहिली. वारा सुटला होता, तिनं डाव्या हातानं ब्लाऊजची कॉलर वर ओढून धरली होती.

"सर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग."

"परत येऊ नका. माझा राग नाही. पण तुम्ही आलात की मला पुन्हा तुमची विद्यार्थिनी व्हावं लागतं. आणि आता माझ्यानं ते होत नाही."

रिक्षा आली. ती गुडघा टेकण्यासाठी वाकली. मी नको म्हणालो, तरी तिनं टेकला. मी "व्रेन्दो" म्हणालो आणि आत बसलो. रिक्षात आधीच दोन बायका कसाव्याची टोपली घेऊन बसलेल्या होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि विचारलं, "मुलगी का तुमची?"

मी म्हणालो, "नाही. शिकायला होती माझ्याकडे."

"नशीबवान हो," त्यातली एक म्हणाली. "मास्तरीण झाली."